ऋतुपालट आणि या भूमीचे आद्य रहिवासी

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवानिमित्त राजेंद्र नगर, इंदूर येथे दिलेले व्याख्यान)



एखाद्या ग्रंथालयाने वयाची शंभर वर्षे पूर्ण करावीत, ही घटना परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाला घरच्या मंगलकार्याइतकीच जवळची वाटते. या प्रसंगी आपण मला बोलण्याची आज्ञा केलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. विषय मी निवडावा, असे आपण सुचविले होते. मी निवडलेला विषय ऐकून व्यवस्थापक मंडळातील काही स्नेह्यांच्या भुवया किंचित उंचावल्या. ज्यांना अक्षर ठाऊक नव्हते, ज्यांनी एक ओळही लिहिली नाही, अशा आदिमानवाविषयी ग्रंथालयाच्या महोत्सवात काय बोलावयाचे? शंका रास्त आहे. तिचे उत्तर मी व्याख्यानाच्या अखेरीस देऊ इच्छितो. तोवर आपण धीर धरावा, एवढीच विनंती.

आरंभ आपल्या या राजेंद्र नगरापासूनच करू. आपल्यापैकी अनेकांना येथील स्थानकातून सुटणारी जुनी मीटर गेजची गाडी आठवत असेल. राऊ, महू, पाताळपाणी, कालाकुंड, चोरल अशी स्थानके घेत ती घाट उतरे आणि बडवाहानंतर मोरटक्क्याला नर्मदा ओलांडून पुढे सनावद-खंडव्याकडे जाई. पाताळपाणी सुटले की खिडकीतून येणारा वारा बदलत असे. माळव्याची गार झुळूक संपून नेमाडची ऊब अंगाला लागे. काही तासांच्या त्या प्रवासात आपण सुमारे चारशे मीटर खाली उतरत असू. वर काळ्या मातीचे सपाट पठार आणि गवताळ माळ, मध्ये विंध्याच्या उतारावरील साग-मोहाचे जंगल, खाली नर्मदेचे रुंद खोरे आणि बारमाही पाणी. अशा तीन निरनिराळ्या सृष्टी पायी चालणाऱ्या माणसाच्याही दोन-तीन मुकामांच्या अंतरावर येथे एकत्र नांदतात. हा भूगोल ध्यानात ठेवावा, कारण आजच्या कथेचा तो अर्धा नायक आहे.

आपला समज असा असतो की, ऋतुमान म्हणजे एक स्थिर गोष्ट. पाऊस चार दिवस मागेपुढे होईल, एखादे वर्ष कोरडे जाईल, एवढेच. भूशास्त्राचे म्हणणे याहून वेगळे आहे. राजस्थानातील सांभर आणि डिडवाना येथील सरोवरांच्या तळाशी साचलेल्या गाळात जुने परागकण आणि क्षारांचे थर सापडतात. त्यांवरून कोणत्या काळी सरोवर गोड्या पाण्याने भरलेले होते आणि कोणत्या काळी ते मिठाच्या कवचाखाली गेले, हे अभ्यासकांना वाचता येते. सुमारे एकवीस हजार वर्षांपूर्वी अखेरचे हिमयुग ऐन भरात होते. पृथ्वीवरील पाण्याचा इतका मोठा वाटा बर्फात गोठलेला होता की, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेली होती. आपल्याकडे बर्फ नव्हते. पण मोसमी पाऊस दुबळा झाला होता. पुढे हिमयुग ओसरले. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी आजचा भूशास्त्रीय कालखंड सुरू झाला, पाऊस पुन्हा बळावला आणि काही सहस्रके तो आजच्याहूनही उदार होता. चार हजारांहून थोड्या अधिक वर्षांपूर्वी तो पुन्हा आखडता झाला. या सगळ्या उलथापालथी माणसाने या भूमीवर पाहिल्या आहेत. शेती त्याला माहीत होण्याच्या कितीतरी आधीपासून तो येथे होता.

किती आधीपासून? महेश्वर आणि त्यासमोरील नावडातोडी येथे १९५२-५३ साली डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. सुब्बाराव आणि डॉ. शांताराम भालचंद्र देव यांनी उत्खनन केले. त्यात ताम्रपाषाणयुगीन गाव तर मिळालेच. पण नर्मदेच्या जुन्या गोटाळ थरांत त्याहून कितीतरी प्राचीन अशी दगडी हत्यारेही आढळली. अहिल्यादेवींच्या घाटावर आपण स्नानाला उतरतो, तेथून जवळच लाखो वर्षांपूर्वीच्या माणसाची हातकुऱ्हाड पडलेली होती. पुढे ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना नर्मदेच्याच काठी, सीहोर जिल्ह्यातील हथनोरा येथे मानवी कवटीचा अश्मीभूत भाग सापडला. त्याचे वय आणि त्याची नेमकी जाती यांबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. मात्र भारतीय भूमीवरील आद्यमानवाचा असा शारीरिक पुरावा त्यापूर्वी मिळालेला नव्हता, यात दुमत नाही.

या जुन्या लोकांपाशी जड हत्यारे होती. मुठीत मावेल अशी हातकुऱ्हाड आणि रुंद धारेची फरशी ही त्यांची मुख्य आयुधे. दगड जेथे, तेथे हत्यार, आणि हत्यार जेथे, त्याच्या आसपास माणूस, असा त्यांचा संसार होता. नदी आणि खडक ही दोन टोके सोडून फार दूर जाणे त्यांना सोयीचे नसावे. परंतु ऋतुमान पालटू लागले की, ज्याचे जीवन एका जागेला बांधलेले असते, त्याची कसोटी लागते.

अशा कसोटीचा एक मोठा प्रसंग सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा. सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीचा महाभयंकर उद्रेक झाला आणि त्याची राख भारतभर पडली. ती आपल्या नर्मदेच्या आणि शोणेच्या खोऱ्यांतही थराच्या रूपाने सापडते. या उद्रेकाने मानववंश जवळजवळ नामशेष झाला, असे मत एके काळी मोठ्या हिरिरीने मांडले जात असे. मध्य प्रदेशातच, शोण नदीच्या खोऱ्यात धाबा नावाचे स्थळ आहे. तेथील संशोधन २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसून आले की, उद्रेकापूर्वी जशी दगडी हत्यारे तेथे घडत होती, तशीच ती उद्रेकानंतरही घडत राहिली. हाल किती झाले, किती माणसे दगावली, हे दगड सांगत नाहीत. परंपरा तुटली नाही, एवढे मात्र ते निश्चित सांगतात.

आता अधिक जवळच्या काळाकडे येऊ. मघाशी मी कोरड्या कालखंडाचा उल्लेख केला. त्याची एक विलक्षण साक्ष आपल्या मातीत दडलेली आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि महाराष्ट्र या प्रदेशांत मिळून चाळीसहून अधिक स्थळी शहामृगाच्या अंड्यांची कवचे सापडली आहेत. होय, शहामृगाची! आज ज्या पक्ष्याला पाहण्यासाठी आपण नातवंडांना प्राणिसंग्रहालयात नेतो, तो आपल्या पठारावर मोकळा धावत होता. प्रथमतः अनेकांना हे खरे वाटेना. २०१७ साली हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी या संस्थेतील संशोधकांनी अशा कवचांतील जनुकीय द्रव्य तपासून ती आफ्रिकेत आढळणाऱ्या शहामृगाच्याच जातीची असल्याचे दाखवून दिले. शहामृग हा मोकळ्या, कोरड्या गवताळ मुलखाचा पक्षी. दाट जंगल त्याला मानवत नाही. तेव्हा ही कवचे म्हणजे त्या काळच्या माळव्या-खानदेशाच्या हवामानाचा जणू दस्तऐवजच होय.

आणि माणूस? तो या कोरड्या मुलखात काय करीत होता? याचे उत्तर पुन्हा आपल्या त्या जुन्या रेल्वेमार्गावरच मिळते. बडवाह-मोरटक्क्याच्या परिसरात मेहताखेडी नावाचे स्थळ आहे. तेथील उत्खननाचे निष्कर्ष डेक्कन कॉलेजच्या डॉ. शीला मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केले. सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वी या ठिकाणी माणूस दगडाची बारीक, अरुंद पाती काढीत होता. पुरातत्त्वात ज्यांना सूक्ष्मास्त्रे म्हणतात, त्या परंपरेचा हा भारतातील अतिशय प्राचीन पुरावा आहे.

हातकुऱ्हाडीनंतर इतकी चिमुकली पाती, ही अधोगती वाटेल. वस्तुतः ती मोठी प्रगती होती. हातकुऱ्हाडीला ओंजळभर दगड लागे आणि ती बिघडली की सारीच वाया जाई. सूक्ष्मास्त्रांची रीत निराळी. अकीक किंवा जॅस्परसारख्या सुबक फुटणाऱ्या दगडाच्या एका लहानशा गोळ्यातून पुष्कळ पाती निघतात. ती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने ओळीने बसविली की भाल्याचे फळ होते, बाणाचे टोक होते, विळ्यासारखे कापण्याचे साधनही होते. एक पाते तुटले तर तेवढेच बदलावे, बाकीचे हत्यार शाबूत. कमरेच्या चंचीत मूठभर दगड असले की माणूस खडकापासून कितीही दूर जाण्यास मोकळा झाला. पाऊस आटला, कळप पांगले, पाणवठे लांब पडले, तेव्हा ही मोकळीक म्हणजेच जीवन होते. साधन हलके झाले आणि माणसाचा मुलूख मोठा झाला.

पण केवळ हत्यारे बदलून भागले नसावे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यात पाटणे म्हणून गाव आहे. भास्कराचार्यांच्या शिलालेखामुळे आणि पाटणादेवीमुळे ते आपणांस परिचित आहे. तेथे एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकात उत्खनन केले. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीच्या थरात त्यांना शहामृगाच्या कवचापासून केलेले मणी मिळाले आणि आडव्या-तिरप्या रेषांची जाळी कोरलेला कवचाचा एक तुकडाही मिळाला. अन्यत्र सापडलेल्या अनेक कवचांवरील रेषा निसर्गानेच उमटविलेल्या आहेत, असे पुढे ठरले. पाटणे येथील तुकडा मात्र मानवी हातचाच मानला जातो. दुष्काळी काळात, जेथे पोटाची भ्रांत, तेथे मणी घासत बसण्याला सवड कोणाला होती? मला वाटते, सवडीचा हा प्रश्नच नव्हे. आफ्रिकेतील शिकारी जमातींत अशा मण्यांच्या माळा दूरदूरच्या आप्तांना भेट म्हणून दिल्या जातात. ज्याला माळ दिली, त्याच्या मुलखात वाईट वर्षी पाणी मागण्याचा हक्क राहतो. पाटण्याच्या मण्यांचाही हाच उपयोग होता, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु ज्या प्रदेशात पाऊस कोठे पडेल याचा भरवसा नाही, तेथे धान्याच्या कोठारापेक्षा नात्याचे कोठार अधिक उपयोगी पडते, हे सांगण्यास पुराव्याची गरज नसावी.

श्रोतेहो, ऋतुपालट म्हणजे नेहमी टंचाईच असते, असे नाही. हिमयुग सरले आणि पाऊस परतला, तेव्हा सुबत्तेशीही जुळवून घ्यावे लागले. हा अध्याय आपल्याला भीमबेटका येथे वाचावयास मिळतो, आणि तो वाचणारा पहिला डोळा आपल्याच माळव्यातील एका मराठी माणसाचा होता. डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर, उज्जैनकरांचे हरिभाऊ, १९१९ साली नीमच येथे जन्मले. १९५७ साली रेल्वेने जाताना खिडकीतून दिसलेल्या खडकांच्या आकाराने त्यांचे मन वेधले आणि ते तिकडे पायी गेले, ही हकीगत सर्वश्रुत आहे. भोपाळहून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवरील त्या टेकड्यांत सातशेहून अधिक शैलाश्रय असल्याचे पुढे उघड झाले. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८८ मध्ये ते निवर्तले. २००३ साली भीमबेटक्याचा समावेश जागतिक वारसा-स्थळांत झाला, तो सोहळा पाहण्यास ते नव्हते.

तेथील एका शैलाश्रयात डॉ. वीरेंद्रनाथ मिश्र यांनी १९७३ पासून काही हंगाम उत्खनन केले. जवळजवळ चार मीटर खोल थरांत हातकुऱ्हाडीच्या युगापासून सूक्ष्मास्त्रांच्या युगापर्यंतचा माणूस एकाच छपराखाली एकावर एक राहून गेलेला आढळला. सर्वांत वरच्या, मध्याश्मयुगीन थराविषयी दोन गोष्टी नोंदण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, या काळात वस्ती एकदम वाढलेली दिसते. पूर्वी जे शैलाश्रय ओस होते, तेथेही माणूस राहावयास आला. दुसरी अशी की, खालच्या थरांतील हत्यारे तेथल्याच क्वार्टझाइट खडकाची आहेत, तर सूक्ष्मास्त्रांचा चर्ट आणि कॅल्सेडनी हा दगड बाहेरून आणलेला आहे. दळण्या-वाटण्याचे दगडही मिळाले. म्हणजे पाऊस वाढला, जंगलात कंद, फळे, बिया वाढल्या, आणि माणसाने शिकारीच्या जोडीला वनस्पतींचा आहार वाढविला. ज्या गवताच्या बियांकडे पूर्वी कोणी ढुंकून पाहिले नसते, त्या वाटून खाण्याजोग्या करण्याचे कष्ट तो घेऊ लागला.

नर्मदेच्या दक्षिण काठी, होशंगाबाद म्हणजे आजचे नर्मदापुरम्, तेथील आदमगड टेकडीवर १९६०-६१ साली आर. व्ही. जोशी आणि एम. डी. खरे यांनी केलेले उत्खनन याला पूरक आहे. तेथे सुमारे पंचवीस हजार सूक्ष्मास्त्रे मिळाली. हाडे पाहिली तर सांबर आहे, चितळ आहे, बारशिंगा आहे; त्याबरोबर ससा, साळिंदर आणि घोरपडही आहे. मोठी शिकार साधली तर उत्तम, न साधली तर लहानाला कमी न लेखता चूल पेटती ठेवावी, असा हा हिशेब दिसतो. याच थरांत कुत्रा, गाय-बैल, शेळी-मेंढी अशा पाळीव जनावरांचीही हाडे आढळली. त्यांच्या कालाविषयी काही अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. परंतु शिकारी आणि पशुपालक यांच्यामधील भिंत आपण समजतो तितकी उंच नव्हती, हे त्यावरून कळते.

मध्य भारतातील शैलचित्रे या सर्व जीवनाला रंग देतात. त्यांत धनुर्धारी आहेत, उधळलेली जनावरे आहेत. पण मध काढणारे आहेत, मासे पकडणारे आहेत आणि टोपल्या घेऊन रानमेवा गोळा करणाऱ्या स्त्रियाही आहेत. शिकार हा शब्द आपण पुढे ठेवतो, कारण शिकारीच्या गोष्टी रंगतात. पोट मात्र बहुतेक दिवशी त्या टोपल्यांनी भरले असावे. डेक्कन कॉलेजच्या मालती नागर यांनी मध्य भारतातील आदिवासींच्या रानातील अन्नाचा अभ्यास केला. अशा अभ्यासांमुळे उत्खननात न टिकणाऱ्या त्या अर्ध्या जीवनाकडे विद्वानांचे लक्ष वळले.

पुढे शेतकरी आले. उज्जैनजवळच्या कायथा येथे वाकणकरांनी साठच्या दशकात उत्खनन करून चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे ताम्रपाषाणयुगीन गाव उजेडात आणले. गावे वसली म्हणून रानातले लोक संपले काय? भीमबेटक्याच्या काही चित्रांतील नक्षी माळव्यातील शेतकऱ्यांच्या मातीच्या भांड्यांवरील नक्षीशी जुळते. राजस्थानात भिलवाडा जिल्ह्यातील बागोर येथे डॉ. मिश्र यांनी केलेल्या उत्खननात सूक्ष्मास्त्रे वापरणाऱ्या लोकांपाशी तांब्याची बाणाग्रे मिळाली. ती त्यांनी स्वतः ओतलेली नव्हती. शेजारच्या प्रगत वस्त्यांकडून घेतलेली होती. बदल्यात त्यांनी मध, कातडी, मांस असे काही दिले असेल. नवा शेजारी हाही परिस्थितीतील एक बदलच असतो, आणि त्याच्याशी देवाणघेवाण करून त्यांनी तो पचविला.

याची उलटी बाजू पाहावयाची असेल, तर पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला जावे लागेल. तेथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून सुमारे बारा-चौदा वर्षे उत्खनन केले. इ. स. पू. १४०० च्या सुमारास तेथे भरभराटीचे शेतकरी गाव होते. ऐसपैस चौकोनी घरे होती, धान्य होते, पाट काढून पाणी आणलेले होते. इ. स. पू. १००० च्या सुमारास चित्र पालटले. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांचे महत्त्व वाढले. इ. स. पू. ७०० च्या सुमारास गाव उठले. डॉ. मधुकर केशव ढवळीकर यांनी याचे कारण कोरड्या पडत गेलेल्या हवामानात शोधले. सर्वच विद्वानांना ते तसेच मान्य आहे, असे नाही. वाद चालू आहे. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. ज्यांना शेतीने दगा दिला, त्यांनी पूर्वजांची जुनी विद्या पुन्हा हाती घेतली. ती विद्या त्यांच्यापाशी शिल्लक होती, म्हणूनच त्यांना आणखी तीनशे वर्षे त्या जागी काढता आली.

येथे एक सावधगिरीचा शब्द. आदिमानव निसर्गाच्या कुशीत सुखाने नांदत होता, असे रम्य चित्र रंगविण्याची अलीकडे हौस आहे. मला ते मान्य नाही. त्यांची मुले लहानपणीच मोठ्या संख्येने दगावत असली पाहिजेत, वृद्धांना मुक्कामामागून मुक्काम चालणे जड जात असले पाहिजे. ज्या टोळ्यांना जुळवून घेणे साधले नाही, त्यांची नावे सांगण्यास कोणी उरले नाही. शहामृगही अखेर या भूमीतून नाहीसा झाला. जुळवून घेणे ही किंमत मोजून केलेली गोष्ट होती. तरीही एवढ्या दीर्घ काळाकडे एकत्र पाहिले असता, त्यांच्या तगून राहण्यामागे तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. त्यांनी एकाच अन्नावर भिस्त ठेवली नाही. त्यांनी एकाच जागेला स्वतःस बांधून घेतले नाही. घाटावर कोरडे पडले तर ते घाटाखाली गेले असतील आणि नर्मदेला पूर आला तर वर चढले असतील. आणि तिसरी, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, जे कळले ते त्यांनी पुढच्या पिढीच्या स्वाधीन केले. पहिल्या दोन्ही गोष्टी या तिसरीवर उभ्या आहेत. कोणता कंद विषारी, कोणता झरा मे महिन्यातही आटत नाही, हे ज्ञान ज्या पिढीत तुटेल, त्या पिढीला एक वाईट वर्षही पुरेसे आहे.

याबाबत माझ्या घरचीच एक गोष्ट सांगतो. माझ्या आजीचे माहेर नेमाडातले. संवत् १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा, तो भीषण दुष्काळ, ज्याला माळव्यात अजूनही ‘छप्पनिया’ म्हणतात, तो पडला तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती. घरातील धान्य संपल्यावर शेजारच्या पाड्यावरील भिल्ल बायांनी तिच्या आईला रानात नेले आणि काय खाता येते ते दाखविले. मोहाची फुले वाळवून कशी ठेवावीत, कडू कंदाचे काप उकडून वाहत्या पाण्यात किती वेळ ठेवले म्हणजे त्याचे विष उतरते, उंबराचे काय करावे, टाकळ्याची कोवळी पाने केव्हा खुडावीत. आजीला ही नावे तोंडपाठ होती. पावसाळ्यात मला कडेवर घेऊन ती दाखवीतही असे. माझ्या आईला त्यांतील पाच-सहा येत होती. मला मोह आणि टाकळा ओळखता येतो. माझ्या नातवंडांना हे सारे हिरवे गवत आहे. हजारो वर्षे एका तोंडातून दुसऱ्या कानात जात आलेली विद्या आमच्या घरात तीन पिढ्यांत संपली. ती कोणी जाळली नाही, कोणी चोरली नाही. तिची आठवण काढण्याची गरज वाटली नाही, एवढेच. आणि मी, जो जन्मभर पुस्तके जमवीत आलो, तिच्या हयातीत तिच्याजवळ वही घेऊन एकदाही बसलो नाही. याची खंत मला आज आपल्यासमोर बोलून दाखवावीशी वाटते.

आपल्या नगराचेच पाहा. पावलोपावली पाणी अशी ज्या माळव्याची ख्याती, त्या माळव्यातील या शहराला आपली तहान भागविण्यास १९७८ साली नर्मदेचे पाणी आणावे लागले. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटरवरून, विजेच्या बळावर घाट चढवून ते येते. ते आणण्यासाठी नागरिकांनी केलेला लढा अभिमानास्पद आहे, आणि आपल्यापैकी प्रत्येकाच्या घागरीत ते आहे. त्याला नावे ठेवण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. पूर्वी माणूस घाट उतरून नर्मदेकडे जाई. आज आपण नर्मदेलाच घाट चढावयास लावले आहे. पराक्रम मोठा आहे. परंतु आपली विहीर, आपला तलाव आणि आपले धान्य यांच्या जागी एकच नळ आणि एकच गव्हाचे पोते आले, की निवडीस वाव उरत नाही. ऋतुमान पुन्हा पालटत आहे, आणि या वेळी त्याला आपणच हातभार लावला आहे, हे जगभरचे शास्त्रज्ञ सांगत आहेत. त्या आदिम शिकाऱ्यांपाशी आपल्याहून साधने कमी होती. पर्याय मात्र, मला भय वाटते, अधिक होते.

आता आरंभीच्या शंकेचे उत्तर. ग्रंथालयाच्या महोत्सवात आदिमानव कशासाठी? भीमबेटक्याच्या त्या शैलाश्रयांत एका चित्रावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे अशी चित्रे काढलेली आहेत. हजारो वर्षे माणसे त्याच भिंतीशी परत येत राहिली. मुलांना तेथे बसवून, हा बारशिंगा, हे मधाचे पोळे, असे कोणी वडीलधाऱ्याने सांगितले असेल, अशी कल्पना माझ्या मनात सदैव येते. टोळीला जे जे ठाऊक होते, ते एकत्र ठेवण्याची आणि पुढच्याला देण्याची ती जागा होती. आपण ज्याला ग्रंथालय म्हणतो, त्याचे काम याहून वेगळे काय आहे? फरक एवढाच की, आपल्या भिंतींवर चित्रांऐवजी कपाटे आहेत.

म्हणून या शताब्दीच्या निमित्ताने माझी एक लहानशी सूचना आहे. या ग्रंथालयाने एक नोंदवही उघडावी. माळवा आणि नेमाड येथील वृद्ध स्त्री-पुरुषांना, मग ते मराठी असोत, माळवी-नेमाडी बोलणारे असोत वा भिल्ल-भिलाले असोत, रानातील खाद्य वनस्पतींची, जुन्या झऱ्यांची आणि बावड्यांची नावे व उपयोग विचारावेत आणि ते सांगणाऱ्याच्या शब्दांत उतरवून घ्यावेत. तरुण सभासदांनी त्यांची छायाचित्रे जोडावीत. टेकडीवर किंवा नदीकाठी चिमुकली दगडी पाती दिसली, तर ती खिशात न घालता जागेची नोंद करून पुरातत्त्व विभागास कळवावे, कारण जागेवरून हललेला दगड मुका होतो. या कामास मोठा निधी लागत नाही. एक वही, एक लेखणी आणि ऐकून घेण्याची सवड पुरेशी आहे. आमच्या घरात जे राहून गेले, ते आपल्या हातून राहून जाऊ नये. सांगणारे थोडे उरले आहेत, आणि ते ग्रंथालयाच्या वार्षिक सभेची वाट पाहत थांबणार नाहीत.